पहिला भाग पप्पांचा, दुसरा आईचा

पत्र

ताई, माझं वय ५४. माहेर आणि सासर दोन्ही वसईतच, आईच्या घरापर्यंत चालत दहा मिनिटं. गेल्या जानेवारीत पप्पा गेले आणि ऑक्टोबरात आई. १३ फेब्रुवारी १९६६ ला त्यांचं लग्न झालं होतं. म्हणजे येत्या फेब्रुवारीत ६० वर्षं झाली असती. वाडीत राजेळी केळी, मोगरा, थोडी भाजी. आई पहाटेच्या गाडीने फुलं घेऊन दादरला जायची. दोघांची रोजची मिस्सा, म्हणजे देवळातली (चर्चमधली) उपासना, कधी चुकली नाही. पावसात छत्री एकच, पण देवळाच्या दारात दोन वाटा: पप्पा पुरुषांच्या बाजूला, आई बायकांच्या.

थोरला भाऊ बोरिवलीला असतो, धाकटा कॅनडात. पप्पांच्या वर्षाच्या मिस्सेला दोघांची मिळून आठवण करायची असं ठरलंय. थोरल्याला ‘आदर्श दांपत्य’ नावाची रंगीत पुस्तिका काढायची आहे, आणि देवळात बोलायचं काम त्याने माझ्यावर टाकलंय. मला ते जमत नाहीये. १९९३ साली पप्पांनी वाडीतले वीस गुंठे, विहिरीसकट, बिल्डरला विकले. त्याच पैशातून थोरल्याची बोरिवलीची जागा झाली. आई तेव्हा वसईची हिरवाई वाचवणाऱ्या हरित वसई चळवळीच्या मोर्च्यांना जात होती. जमीन विकल्याचं तिला शेजारणीकडून कळलं. त्यानंतर दीड वर्ष ती पप्पांशी एक शब्द बोलली नाही. मी तेव्हा २२ वर्षांची, घरातच होते. आणि गंमत बघा, त्या दीड वर्षातही दोघं रोज देवळात जात होते. संध्याकाळी घरात रोझरी, म्हणजे मण्यांच्या माळेवरची प्रार्थना, होत होती. पप्पा ‘नमो मरिये’ प्रार्थनेचा पहिला भाग म्हणायचे आणि आई पुढचा भाग म्हणायची, जणू काही झालंच नाही. एकाच संध्याकाळी ती गप्प राहिली, तेव्हा आम्ही मुलांनी उत्तर दिलं. मला ते तेव्हाही ढोंग वाटायचं. पुढे बोलणं कसं सुरू झालं ते आठवत नाही.

पप्पा गेल्यावर आई रोज मला बोलवायची आणि म्हणायची, तू सुरू कर. पहिला भाग ती स्वतः कधीच म्हणाली नाही. आणि आता लोक म्हणतात, पप्पांनीच बोलावून घेतलं तिला. मला ते ऐकवत नाही.

देवळात उभं राहून खोटं बोलू का? की खरं बोलून भावाशी वैर घेऊ?

— वाडीतली मधली

उत्तर

प्रिय मधली,

तुमचं पत्र दोनदा वाचलं आणि मग कागद-पेन्सिल घेऊन हिशेब मांडला. रोजच्या रोझरीत पाच रहस्यांचे (प्रत्येकी दहा असे) पन्नास ‘नमो मरिये’, आणि सुरुवातीचे तीन. दीड वर्ष म्हणजे महिन्याचे तीस दिवस धरले तर ५४० संध्याकाळी. गुणाकार २८ हजारांच्या वर जातो. बाकी एक शब्द न बोलणाऱ्या तुमच्या आईने त्या दीड वर्षात तुमच्या पप्पांना एवढ्या वेळा उत्तर दिलं. त्यातून एक संध्याकाळ वजा.

तुम्ही याला ढोंग म्हणता. २२ व्या वर्षी मीही म्हटलं असतं. त्या वयात माणूस एक तर प्रेम करतो नाही तर भांडतो, तिसरं काही असू शकतं हे पटत नाही. पण ढोंग करायला बघणारं कुणी तरी लागतं. देवळाच्या वाटेवर लोक होते, तिथलं सोडून देऊ. घरात, कंदिलाच्या काय किंवा ट्यूबलाइटच्या काय, उजेडात तुम्ही तीन मुलं सोडून कोण होतं? आणि तुमच्यापासून तर भांडण लपवलेलंच नव्हतं. मग ढोंग कुणासाठी?

मला जे दिसतं ते असं. आई रागावलेली होती आणि तिचा राग रास्त होता. तिने एक दार बंद केलं आणि एक उघडं ठेवलं. उघडं ठेवलं ते कुठलं, हेही बघा. ज्या प्रार्थनेत पहिला भाग एकाने म्हणायचा आणि दुसरा बाकीच्यांनी, त्या प्रार्थनेचं. ती एकटीनेही म्हणता येते, तशी ती एकटी दुसऱ्या खोलीत बसून म्हणू शकली असती. अनेक घरांत तसं झालं आहे, मला माहीत आहे. ती बसली त्यांच्यासमोर. आणि तिच्या वाट्याचा जो भाग, त्यात आता आणि मरणाच्या वेळी आमच्यासाठी विनंती कर असं मागणं आहे. ‘आमच्यासाठी’. त्या ‘आमच्या’त विहीर विकणारा माणूसही येत होता, हे तिला कळत नव्हतं असं तुम्हाला वाटतं का?

माझ्या मते तुमच्या भाषणाचा गाभा हाच आहे, आणि तो तुम्ही पत्रात ‘गंमत बघा’ म्हणून कोपऱ्यात टाकून दिलात.

आता तुमच्या प्रश्नाकडे. खोटं बोलू नका. पण वीस गुंठ्यांचा हिशेबही देवळात मांडू नका. या दोन गोष्टी एकमेकींच्या आड येत नाहीत. ‘माझ्या आई-पप्पांचं एकदा मोठं भांडण झालं. दीड वर्ष त्यांच्यात एकच संभाषण होतं, रोझरीचं,’ एवढी वाक्यं पुरतात. भांडण कशावरून, हे सांगण्याची गरज नाही. ज्यांना माहीत आहे त्यांना माहीत आहे, आणि गावात ते सगळ्यांनाच माहीत असणार. थोरल्याचं नाव आलं नाही, बोरिवली आली नाही, म्हणजे खोटं बोलल्यासारखं होत नाही. माइक हातात आल्यावर भावाशी असलेलं खातं मिटवायचा मोह होतो. तसं करणाऱ्यांना मी बघितलंय. पुढची दहा वर्षं त्यांना त्या पाच मिनिटांचंच उत्तर द्यावं लागलं.

वैर कशाने येईल ते सांगते. पुस्तिका छापून आल्यावर तुम्ही ‘आदर्श’ या शब्दावर खुन्नस धरून गप्प बसलात, तर येईल. म्हणून छपाईच्या आधी थोरल्याला फोन करा, आणि शक्य असेल तर एकटं गाठा, वहिनीसमोर नको. त्याला विचारा, तुला ‘आदर्श’ का लिहायचंय? माझा अंदाज असा की त्या व्यवहाराचं ओझं तुमच्याइतकंच त्याच्यावरही आहे, फक्त तो ते वेगळ्या खांद्यावर वाहतोय. आई-पप्पा आदर्श ठरले की १९९३ आपोआप पुसलं जातं. त्याच्या घराच्या भिंतीत ती विहीर आहे हो. तो रोज तिथे झोपतो.

माझीच एक फजिती सांगते. माझ्या सासू-सासऱ्यांच्या आठवणीच्या मिस्सेला मीच बोलले होते. ‘पन्नास वर्षांत त्यांच्यात कधी भांडण झालं नाही,’ असं मोठ्या भरल्या गळ्याने म्हणाले. पहिल्या रांगेत सासूबाईंची धाकटी बहीण तोंडाला पदर लावून थरथरत होती. मला वाटलं, रडते आहे. नंतर अंगणात कळलं, हसत होती. म्हणाली, अगं, तुझी सासू एकदा सगळ्या कोंबड्या टोपलीत घालून माहेरी निघून आली होती. दोन दिवसांनी सासरे आले आणि आमच्या आईला म्हणाले, कोंबड्या न्यायला आलोय. कोंबड्या नेल्या, मागून तीही गेली. त्या दिवशी मी देवळात केलेलं भाषण आज कुणालाही आठवत नाही. कोंबड्यांची गोष्ट माझ्या नातवंडांना पाठ आहे.

लक्ष्मीबाई टिळकांचं उदाहरण तुम्हाला ठाऊक असेलच. १८९५ च्या फेब्रुवारीत नारायण वामन टिळकांनी बाप्तिस्मा घेतला, आणि त्यानंतर कित्येक वर्षं नवरा-बायको वेगळे राहिले. पुढे संसार पुन्हा जुळला आणि त्या स्वतःहून ख्रिस्ताकडे वळल्या. आठवणी लिहायला बसल्या तेव्हा टिळक जाऊन काही वर्षं झाली होती, लोक त्यांना संतकवी मानत होते. लक्ष्मीबाईंनी तरीही त्यांचा तापटपणा, उधळ्या दानशूरपणा आणि घराला बसलेला त्याचा फटका, सगळं लिहिलं, हसत लिहिलं. त्यामुळे टिळक कुठेच लहान झाले नाहीत. उलट इतक्या वर्षांनी ते आपल्याला घरातल्या माणसासारखे ओळखीचे वाटतात ते त्यामुळेच.

आता थोडं व्यवहाराचं, कारण ते वेळेत केलं नाही तर गोंधळ होतो.

मिस्सेत बोलण्याला जागा आहे, पण थोडी. रोमन मिस्साग्रंथाच्या सर्वसाधारण सूचनांमध्ये ३८२ व्या परिच्छेदात स्पष्ट म्हटलंय की अंत्यविधीच्या मिस्सेत फादरांनी छोटं प्रवचन करावं, मृताचं गुणगान करणारं भाषण मात्र होऊ नये. त्याचं कारण मला पटतं. तिथे माणसाची स्तुती करायला नाही, त्याच्यासाठी प्रार्थना करायला आपण जमतो. आदर्श माणसाला आपल्या प्रार्थनेची गरजच काय? मात्र अंत्यविधीतच, कम्युनियननंतरची (ख्रिस्तप्रसाद वाटून झाल्यानंतरची) प्रार्थना झाल्यावर, अखेरच्या निरोपाआधी घरच्यांपैकी कुणी दोन शब्द बोलण्याची मुभा आहे. वर्षाच्या मिस्सेतही सहसा त्याच ठिकाणी, शेवटच्या आशीर्वादाआधी बोलू देतात. फादरांना आधी भेटून विचारा. तीन-चार मिनिटं मिळतील असं धरून चाला. रोझरीची गोष्ट तेवढ्यात बसते. बाकी सगळं घरी, जेवणाआधी, अंगणात. तिथे मावशांना बोलू द्या. त्या तुमच्यापेक्षा जास्त सांगतील आणि त्यांना कुणी थांबवणारही नाही.

तारखेबद्दल माझं एक वेगळं मत आहे. पप्पांच्या वर्षाची मिस्सा जानेवारीत होऊ दे, तो त्यांचा हक्क. पण दोघांची मिळून आठवण त्या दिवशी करू नका. तो पप्पांच्या मरणाचा दिवस आहे, आईला त्यात पाहुणी म्हणून बोलावल्यासारखं होतं. ती १३ फेब्रुवारीला करा. ही माझ्या डोक्यातून निघालेली युक्ती नाही, चर्चनेच घालून दिलेला पायंडा आहे. लुईजी आणि मारिया बेल्त्रामे क्वात्रोकी हे रोमचं जोडपं. लुईजी वकील, मारिया लेखिका, चार मुलं. २००१ मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी दोघांना एकत्र धन्यवादित जाहीर केलं, म्हणजे संतपदाच्या आधीची पायरी दिली. नवरा-बायको म्हणून एकत्र तो मान मिळालेलं ते पहिलंच जोडपं. संतांचा सण सहसा त्यांच्या मृत्यूच्या दिवशी असतो. यांचा २५ नोव्हेंबरला, म्हणजे १९०५ साली त्यांचं लग्न झालं त्या तारखेला. फ्रान्सच्या संत छोट्या तेरेजाचे आईवडील लुई आणि झेली मार्टिन २०१५ मध्ये एकत्र संत झाले, त्यांचा सणही १२ जुलैला, लग्नाच्या दिवसाशी जोडलेला. लुई घड्याळं दुरुस्त करायचा, झेली लेस विणून विकायची, कारागीर बायका हाताशी धरून तिने स्वतःचा धंदा उभा केला होता. नऊ मुलं झाली, चार लहानपणीच गेली. झेली गेली १८७७ मध्ये, लुई १८९४ मध्ये. मधली सतरा वर्षं तो एकटा होता. तरी आठवण करायला दिवस निवडला तो लग्नाचा. जोडपं म्हणून आठवायचं तर जोडपं झाल्याच्याच दिवशी आठवावं, एवढी साधी गोष्ट आहे.

तारीखही सोयीची आहे. २०२६ मध्ये राखेचा बुधवार, म्हणजे उपवासकाळाचा पहिला दिवस, १८ फेब्रुवारीला आहे, १३ तारीख त्याच्या आधीच्या शुक्रवारी येते. उपवासकाळ लागलेला नसेल. आणि सहज बघितलं तर १९६६ साली राखेचा बुधवार २३ फेब्रुवारीला होता. म्हणजे तुमच्या आई-पप्पांचं लग्न उपवासकाळ लागायच्या आधीच्या त्या धांदलीतलं, जेव्हा वसईत एकेका रविवारी किती तरी वरातींची गाठ पडते. त्या रविवारी देवळात आणखी किती जोडपी होती? त्यांच्यातली कुणी हयात आहेत का? हे शोधाच. त्या बायकांना सगळं आठवत असतं, कुणाच्या साडीला काय झालं ते आणि कुणाचा बँड उशिरा आला ते.

आणखी एक प्रश्न त्यांना विचारा. तुमच्या आई-पप्पांनी वचनं कुठल्या भाषेत दिली? कॅथलिक चर्चमध्ये मोठे बदल घडवणारी दुसरी व्हॅटिकन परिषद १९६५ च्या डिसेंबरात संपली आणि हे लग्न त्यानंतर दोन महिन्यांनी. मिस्सा लॅटिनमधून मराठीत यायचे ते दिवस. विवाहविधीचं नवं रूप तर १९६९ मध्ये आलं. म्हणजे ते एका पायाने जुन्या आणि एका पायाने नव्या देवळात उभे होते. अर्धं कळलं, अर्धं कळलं नाही, पण ‘हो’ म्हटलं. साठ वर्षांपूर्वीच्या त्या सकाळी काय कानावर पडलं ते सांगणारी माणसं आता थोडीच उरली असतील.

कागदही आहेत. देवळाच्या कचेरीत लग्नाची नोंदवही असते, हे सगळ्यांना माहीत आहे. पण आईचा बाप्तिस्मा जिथे झाला त्या तिच्या माहेरच्या देवळातही जा. कॅथलिक नियमाप्रमाणे लग्न झाल्यावर त्याची नोंद बाप्तिस्म्याच्या वहीतही करायची असते, त्या माणसाच्या नावाच्या बाजूला. म्हणजे एक चिमुरडी मुलगी, तिच्या आईबापांची नावं, धर्ममाता-धर्मपित्याची नावं, आणि बाजूला वीसेक वर्षांनी कुणा वेगळ्याच फादरांच्या हस्ताक्षरात तुमच्या पप्पांचं नाव. त्या एका ओळीत तिचं सगळं आयुष्य बसतं. परवानगी घेऊन त्या पानाचा फोटो काढा आणि पुस्तिकेत छापा. स्टुडिओत काढलेल्या त्या ताठ बसलेल्या फोटोपेक्षा तो मोलाचा आहे. शिवाय त्यावर आईचं माहेरचं नाव आहे. ते नाव पुस्तिकेतही येऊ दे आणि कबरीवरच्या पाटीवरही. अमक्याची पत्नी एवढ्यावर भागवू नका.

पुस्तिकेबद्दल बोलतेच आहे तर दोन शब्द वगळायला सांगते. एक ‘आदर्श’. दुसरा ‘सोशिक’. हा दुसरा थोरला नक्की लिहिणार, आईसाठी. आपल्याकडे बाई मेली की तिच्या अंगावर हा शब्द पांढऱ्या कपड्यासारखा घालतात. अहो, पहाटेची विरारची गाडी, डोक्यावर मोगऱ्याची टोपली, दादरला फुलवाल्यांशी घासाघीस, दुपारी घरी येऊन वाडीला पाणी, आणि त्यातून वेळ काढून हरित वसईच्या फादर दिब्रिटोंच्या मागे मोर्च्यात. ही बाई सोशिक होती? दीड वर्ष नवऱ्याशी अबोला धरायला केवढी ताकद लागते. ज्या जमिनीत तिने २७ वर्षं राबून मोगरा फुलवला, त्या जमिनीच्या कागदावर तिची सही कुणी मागितली नाही, कारण कायद्याने ती लागतच नव्हती. हे मी पप्पांना दोषी ठरवायला सांगत नाही. त्या काळी बहुतेक घरांत तसंच होतं, आणि पोराला मुंबईत डोक्यावर छप्पर मिळावं ही त्यांची काळजीही खोटी नव्हती. पण तिच्या रागाला ‘सोसलं बिचारीने’ म्हणून झाकू नका. तो तिचा होता.

मग पुस्तिकेत काय घालायचं? तुम्ही पत्रात राजेळी केळ्यांचा उल्लेख करून पुढे निघून गेलात. मी थांबले. सुकेळी करायचे का तुमच्याकडे? करत असतील तर ते लिहा, चार पानं लिहा. केळी किती पिकली की सोलायची, उन्हात किती दिवस ठेवायची, दव पडायच्या आत कोण आत घ्यायचं, रोज उलटायचं काम कुणाचं, शेवटी सुक्या पानात बांधायचं कुणाचं. तुमच्या घरी दोघांनी मिळून केलेलं काम कुठलं, याचं उत्तर मला वाटतं तिथेच सापडेल. आणि १९९३-९४ च्या हंगामात सुकेळी झाली का? झाली असेल तर बोलल्याशिवाय कशी झाली? हे आठवा. आठवत नसेल तर वाडीवर कामाला येणारं कुणी असेल त्यांना विचारा. मालकाच्या घरातलं मौन कामाला येणाऱ्याला सगळ्यात आधी ऐकू येतं.

बोलणं परत कसं सुरू झालं तेही कुणाला तरी माहीत असेल. आईची फुलांच्या गाडीतली मैत्रीण कोण होती? रोज शेजारी बसून जाणाऱ्या बाईला आपल्या मुलीपेक्षा जास्त सांगितलं जातं, वाईट वाटून घेऊ नका. कदाचित मोठं काही झालंच नसेल. कदाचित एक दिवस पाऊस आला आणि उन्हातली केळी आत घ्यायला कुणी तरी ओरडलं असेल, एवढंच. पण ते कळलं तर तुमच्या मनातली ती दीड वर्षं कुठे तरी येऊन संपतील. आत्ता ती तुमच्यात अजून चालूच आहेत.

राहिलं ‘पप्पांनी बोलावून घेतलं’. लोक ते बरं वाटावं म्हणून म्हणतात, त्यांच्याशी भांडू नका. पण तुमचा राग मला समजतो. त्या वाक्यात आईचे शेवटचे नऊ महिने गायब होतात, जणू ती फलाटावर गाडीची वाट बघत बसली होती. तसं नव्हतं. ती तुमच्याबरोबर होती. रोज तुम्हाला बोलवत होती. त्या नऊ महिन्यांचं काही लिहून ठेवा, पुस्तिकेसाठी नाही, स्वतःसाठी. काय खाल्लं, कुणाची चौकशी केली, पप्पांच्या कुठल्या वस्तूला हात लावू दिला नाही, कुठली स्वतःहून देऊन टाकली. पुढच्या वर्षी यातलं निम्मं आठवणार नाही. मी माझ्या आईच्या बाबतीत लिहून ठेवलं नाही, आणि तिची हिशेबाची वही तर आवराआवरीत रद्दीत गेली. रद्दीचे किलोला किती मिळाले तेवढं आठवतं.

मोजपट्टी लावून सांगायचं तर तुमच्या आई-पप्पांचं सहजीवन सुखी होतं का, हे मला सांगता येणार नाही. तुम्हालाही नाही, आणि सांगायची गरजही नाही. देवळात वचन घेतात ते सुखाचं नाही, सुखात आणि दुःखात बरोबर राहण्याचं. पण तुमच्या पत्रातली एक ओळ मात्र मी कुठल्याही ‘आदर्श दांपत्या’च्या बदल्यात देणार नाही. पप्पा गेल्यावर आई पहिला भाग कधीच म्हणाली नाही, तू सुरू कर म्हणायची. एकोणसाठ वर्षं ती उत्तर देत आली होती. ती जागा तिची होती, आणि समोरची तिच्या लेखी रिकामी झाल्यावरही ती आपली जागा सोडून तिथे जाऊन बसली नाही. तुम्हाला तिने नऊ महिने पप्पांच्या जागी बसवलं. हे तुमच्या लक्षात आलं होतं का? तुम्ही लिहिलंत तर असं, की जणू म्हातारीची एक सवय.

१२ तारखेच्या संध्याकाळी, मिस्सेच्या आदल्या दिवशी, घरी रोझरी ठेवा. जुन्या घरात, वाडीवर. मोठा मेळा नको, तुम्ही भावंडं आणि जवळची चार माणसं. धाकट्याला कॅनडातून येणं जमलं नाही तर तिथली वेळ विचारून फोन लावून ठेवा. थोरला पाहुण्यांच्या सरबराईत इकडे-तिकडे करेल, त्याला हाताला धरून पप्पांच्या जागी बसवा आणि पहिला भाग म्हणायला सांगा. त्याला ओळी आठवत नसतील तर पुस्तक द्या. तुम्ही आईच्या बाजूला बसा. तो म्हणेल, आणि उत्तर तुम्ही द्या.